कोपऱ्यातला आकडा

धारूरला बदली झाली तेव्हा खोली देताना घरमालकीणबाईंनी मला एकच अट घातली. घरात उदबत्ती लावायची नाही. देव ठेवा, पूजा करा, घंटा वाजवा, हव्या तर आरत्या म्हणा, पण धूर नको. त्या मुसलमान, मी हिंदू, त्यामुळे माझ्या मनात नको ते आलं आणि ते चेहऱ्यावरही उमटलं असणार. बाईंनी ते बरोबर टिपलं. मला मनगटाला धरून खालच्या मधल्या खोलीत नेलं. तिथं कडप्प्याच्या ओट्यावर एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टाकलेलं आणि त्या जागी मच्छरदाणीचं कापड, चारी कडांनी टीप मारून, ताणून बसवलेलं. आत एक छोटा पंखा घुमत होता.

"धूर ह्याच्या छातीत जातो," बाई म्हणाल्या. "आमी सुदा ऊद लावत न्हाई घरात. ईदला बी अंगणात लावतो."

मी खोली घेतली. गाव त्यांना फोटोवाली आपा म्हणायचं, म्हणून मीही आपा म्हणू लागले. मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारी. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या तापाशीच माझी गाठ. घरी येऊन पाहते तर इथंही तापच. फरक एवढाच, की दवाखान्यातला ताप माणसांना यायचा.

आपांच्या यजमानांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर आपांनी दुकान बंद केलं आणि कॉम्प्युटर घरी आणला. लग्नाचे, बारशाचे फोटो काढायला त्या जात नसत. त्यांच्याकडे येणारं काम एकाच जातीचं होतं. घरात कुणी गेलं, की भिंतीवर लावायला फोटो लागतो. तो नसतो. आता तुम्ही म्हणाल, हल्ली सगळ्यांच्या हातात फोन आहेत, फोटोंना काय तोटा. तोटा असतो. फोन आपटून फुटलेला असतो, जागा भरली म्हणून पुतण्यानं फोटो पुसलेले असतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा फोटो मुद्दाम काढायचं कुणाला सुचलेलंच नसतं. मग लोक यायचे ते आधार कार्ड घेऊन, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधला एक कोपरा घेऊन. त्या कोपऱ्यात नखाएवढा एक चेहरा. आपा त्या नखाएवढ्या चेहऱ्याचा भिंतीवर टांगण्याएवढा चेहरा करून द्यायच्या.

हे काम मशीनला फार जड जातं. बटण दाबलं की झालं असं नाही. तासन्‌तास त्याला एकेक ठिपका उकलत बसावं लागतं, आणि सगळा भार पडतो तो आतल्या एका चौकोनी वडीवर, तिला प्रोसेसर म्हणतात. काम वाढलं की ती वडी तापते. तापली की आधी मशीनची चाल मंदावते आणि फारच तापली तर ते स्वतःचा जीव वाचवायला आपोआप बंद पडतं. तोवर झालेलं काम जातं पाण्यात. बालाघाटाच्या कडेला गाव, उन्हाळ्यात दगडसुद्धा रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत असतात, आणि आपांचं मशीन म्हातारं. म्हणून आपांनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा कायम दिसत राहील अशी सोय करून ठेवली होती. मी त्यांच्याशी बोलत असले तरी त्यांचे डोळे दर थोड्या वेळानं त्या आकड्याकडे जायचे. साठीत असला तर ठीक. सत्तरीत गेला की त्या बोलणं आवरतं घ्यायच्या. ऐंशीला टेकला की काम थांबवायच्या आणि म्हणायच्या, "आता ह्याला जरा दम खाऊ द्या." समोर तालुक्याचा कुणी बडा माणूस बसलेला असला तरी त्यालाही तोवर दम खावा लागे.

त्या खोलीचे नियम मी हळूहळू शिकले, बोलणी खातच. डब्याची पाठ भिंतीला टेकवायची नाही, कारण गरम हवा मागून बाहेर पडते आणि भिंतीवर आपटून परत आत शिरते. डब्यावर काही ठेवायचं नाही. कप नाही, कागद नाही, किल्ल्यासुद्धा नाहीत. एकदा एक हवालदार वडिलांच्या फोटोसाठी आला होता. त्यानं बोलता बोलता चहाचा कप डब्यावर टेकवला. आपांनी त्याच्या हातावर चापट मारली. जोरात मारली. तो इतका चकित झाला की सॉरी म्हणाला.

आणि खोलीत दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. हा नियम लोकांना फार लागायचा. घरातलं माणूस गेलेलं असतं, सगळं भावकीचं लटांबर टेम्पोतून येतं, सगळ्यांना चेहरा कसा दिसतोय ते बघायचं असतं. आपा त्यांना अंगणात लिंबाखाली बसवायच्या, पाणी द्यायच्या, आणि आत फक्त दोघांना घ्यायच्या. "माणूस बी ऊब फेकतो," त्या म्हणायच्या. एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी दारात थांबवलं तेव्हा मी भांडले. म्हटलं, आपा, तिचा नवरा आहे तो, मशीनचा नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीन बंद पडलं तर तिचा नवरा तिला मी कुठून दाखवू?" माझा राग गेला नाही. आजही त्यांचं ते वागणं मला पटत नाही.

कूलरला त्या खोलीत बंदी होती. मला पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, ही बाई कंजूष. घरात कूलर आहे, तो पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलाय, आणि ही मधल्या खोलीत घामानं निथळत बसलीये. मग एकदा त्यांनी माळ्यावरून एक जुना डबा काढून दाखवला. आतल्या हिरव्या पट्टीवर पांढरा थर चढला होता, चुना खाणाऱ्याच्या डबीच्या कडेला चढतो तसा. यजमान असतानाचं हे पहिलं मशीन. एका मे महिन्यात ते सारखं बंद पडायला लागलं म्हणून यजमानांनी झाकण उघडलं आणि कूलर थेट त्यावर सोडला. आपल्याकडे माणसाला जे सुख वाटतं ते मशीनलाही वाटेल, असा भाबडा हिशेब. बोअरचं पाणी जड, त्यातला क्षार आणि ओल वाऱ्याबरोबर आत गेली. पंधरवडाभर मशीन मजेत चाललं, आकडा खाली राहिला, नवरा-बायको खूश. मग एके दिवशी ते मेलं आणि त्याच्याबरोबर स्टुडिओतले सगळे जुने चेहरे गेले. तेव्हापासून आपांनी साधा टेबलफॅन ठेवला. कोरडी हवा असेल तेवढीच.

फाल्गुन संपत आला की गल्लीतल्या बायका कुरडया-पापड्या घालायला घेत. त्याच सुमाराला आपा अंगणात जुनी चादर अंथरून मशीन खोलून बसत. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या जाळीत वर्षभराची धूळ गोधडीसारखी बसलेली असे. ती यजमानांच्या दाढीच्या ब्रशनं झाडायची, वडीवरची, तिची ऊब जाळीत पोचवणारी, वाळलेली जुनी पेस्ट कापसानं पुसायची आणि नवी लावायची, ज्वारीच्या दाण्याएवढी. "लई लावली की लई गार राहील असं न्हाई," त्या मला बजावत, जसं काही उद्या मला हेच करून पोट भरायचं होतं. शेजारच्या बायका कुरडयांचा चीक ढवळता ढवळता तिकडे बघत आणि एकमेकींना म्हणत, आपांनी बी उन्हाळी कामं काढली बघा. टिंगल होती, पण त्यात माया होती. त्यांतल्या निम्म्या बायकांच्या घरात आपांनी केलेला एकेक चेहरा भिंतीवर होता.

चेहऱ्याच्या बाबतीत आपा हट्टी होत्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला कोट चढवायची पद्धत आहे. जन्मभर बंडी घातलेला म्हातारा फोटोत कोट-टाय लावून बसतो, मागे हिरवा डोंगर आणि धबधबा. आपा यातलं काही करत नसत. एका गावचे पुढारी आले होते, वडिलांचा फोटो मोठा करायला. मोठा झाला, छान झाला. पुढारी म्हणाले, जरा उजळ करा की. आपा म्हणाल्या, "तुमचा बाप उनात काळा झाला. माज्या मशीनमदी गोरा कावून व्हईल?" पुढारी निघून गेले. दोन दिवसांनी माणूस पाठवून तोच फोटो नेला, काळाच.

त्या खोटं बोलत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही, तो काही वेळा छळच असे. मी नवी साडी नेसून विचारलं कशी दिसते, तर त्या खरं सांगायच्या. कुणी विचारलं, आपा, फोटो होईल ना नीट, तर त्या समजुतीचा शब्द म्हणून काढत नसत. होईल असेल तर होईल, नाहीतर सरळ नाही. मी दवाखान्यातून डोक्यात राख घालून घरी आले की त्या मला टेबलफॅनच्या वाऱ्यात बसवायच्या आणि काही वेळ बोलूच द्यायच्या नाहीत. मग म्हणायच्या, "मशीन शहाणं हाय. तापलं की बंद पडतं. माणसाच्या कोपऱ्यात आकडा न्हाई, त्याला कळतच न्हाई." त्या वेळी मला ते त्यांचं नेहमीचं पालुपद वाटायचं. मी मान डोलवायचे आणि चहा टाकायला उठायचे.

ती बाई आली ती माझ्या तिथल्या शेवटच्या उन्हाळ्यात. घाटावरच्या वस्तीतली. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला गेलेले, पार कोल्हापूरकडं. पोरगी शाळेत होती म्हणून आजीजवळ ठेवलेली. पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, थोडेच दिवस राहिले होते, आईबाप परतीच्या तयारीत होते, तेव्हा एका दुपारी पोरगी शेरडं घेऊन माळावर गेली आणि ऊन लागून तिथंच पडली. सापडली तेव्हा उशीर झाला होता. फडावर फोन गेला, मुकादमानं जीप करून दिली, पण वाट लांबची. इकडे उन्हाचे दिवस, भावकीनं किती वेळ थांबायचं. आईबाप पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दिवाळीनंतर आईनं पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता बघायला काही उरलं नव्हतं.

फोटोही नव्हता. आधार कार्डावरचा ती बालवाडीत असतानाचा. शाळेच्या ओळखपत्रावरचा पाण्यानं फुगून पुसलेला. एवढंच होतं, की मामाच्या लग्नाच्या वेळी कुणीतरी फोनवर काढलेल्या व्हिडिओत ती पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन कडेनं चालत जाते, मध्येच इकडे बघते, हसते आणि निघून जाते. इतकंच, डोळा लवेपर्यंतचं. बाईनं तो फोन आपांच्या हातात दिला आणि म्हणाली, "डोळं मिटलं की ती ल्हान व्हती तशीच दिसती, आपा. आत्ताची येतच न्हाई. मी ईसरायले तिला."

आपांनी तो तुकडा परत परत पाहिला. मग सांगितलं की होईल. चेहरा हललाय, पण तेवढ्या तुकड्यात तो पुष्कळदा आलाय, सगळे मिळून एक चेहरा गोळा करता येईल. मशीनला मात्र एवढं अवघड काम कधी दिलेलं नाही. तेराव्याच्या आत देण्याचा प्रयत्न करते म्हणाल्या. आणि विचारलं, ओढणीचा रंग कोणता होता, व्हिडिओत नुसती राखाडी दिसतेय. बाई म्हणाली, ओढणीच आणते.

रविवारी ती एकटीच आली. नवरा म्हणे घराबाहेर पडत नव्हता. पिशवीत ओढणी, जांभळी, कडेला चमकी लावलेली. आपांनी तांबडं फुटायच्या आतच काम लावलं होतं, गार वेळेचा फायदा मिळावा म्हणून. बाईला त्यांनी आत बसवून घेतलं, पडद्यासमोर, चटईवर. पडद्यावर वरून खाली हळूहळू चेहरा उकलत होता, आधी केस, मग भांग, मग कपाळ. बाई पापणी न हलवता बघत होती. ऊन वाढलं तसा आकडा वाढत गेला. आपा काम थांबवायच्या, आकडा उतरू द्यायच्या, पुन्हा लावायच्या. बाई प्रत्येक वेळी विचारायची, काय झालं. आपा सांगायच्या, तापलंय, जरा थांबू. दुपारपर्यंत डोळे आणि नाक आलं होतं. मी मधून मधून खाली येऊन बघून जात होते. ते डोळे पाहिल्यावर मला तिथं उभं राहवेना. मी वर निघून गेले.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी वायरमन खांबावर चढल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. लाईट गेली असती तर सकाळपासूनचं सगळं पाण्यात. आपा चप्पल न घालता तशाच उन्हात धावल्या, त्याला थांबवायला. बराच वेळ त्या खांबाखाली उभ्या होत्या, डोक्यावर पदर नाही, काही नाही. मला वरून दिसत होतं. शेवटी तो उतरला. त्याच वेळी मला खालून पंख्याचा आवाज बदललेला ऐकू आला. घुमणारा पंखा एकदम किंचाळल्यासारखा करू लागला होता. मी जिना उतरून दारात आले, आणि आपाही अंगणातून दारात आल्या.

बाईनं ती जांभळी ओढणी माठातल्या पाण्यात भिजवून, पिळून, डब्यावर पांघरली होती. वरून, बाजूच्या जाळीवरून, मागच्या झरोक्यांवरूनसुद्धा. चारी बाजूंनी नीट दाबून. आपल्याकडे सगळे असंच करतात. दुधाच्या किटलीला, माठाला, ऊन लागलेल्या माणसाला, सगळ्यांना ओलं फडकं. आपा उन्हात गेल्या, मशीन तापायला लागलं, हात लावला तर चटका बसला, आणि पडद्यावर तर तिची पोरगी होती. ती दुसरं काय करणार होती. कोपऱ्यातला आकडा नव्वदीला टेकला होता. ओढणीच्या टोकातून कडप्प्यावर पाणी ठिबकत होतं आणि बाई डब्यावर तळहात ठेवून बसली होती.

हवालदाराच्या हातावर पडलेली चापट मला आठवली. मी आपांचा हात धरायला पुढं झाले. पण त्या ओरडल्या नाहीत. भिंतीपाशी गेल्या आणि सरळ बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"गेली?" बाईनं विचारलं.

"न्हाई माय. कुटं जायची न्हाई. दम खाऊ दे तिला," आपा म्हणाल्या. मग त्या ओल्या ओढणीकडे बघत म्हणाल्या, "तू येळेवर टाकलीस वढनी. ताप उतरला बग."

आपांच्या तोंडून खोटं मी पहिल्यांदा ऐकलं. मशीनचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. सकाळपासूनचं काम गेलं, पण ते सावलीत पुष्कळ दिवस वाळत पडलं, वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लावून फोटोही झाला. तेराव्याला नाही, नंतर झाला. हसरा आहे आणि ओढणी जांभळीच आहे. पण त्या दुपारी त्या खोलीत प्रश्न फोटोचा राहिलाच नव्हता.

आपांचं वाक्य ऐकून बाईचा चेहरा आधी सैल पडला. इतक्या दिवसांत आपल्या हातून काहीतरी नीट झालं, असं तिला वाटलं असावं. तिनं ओढणीवरून हात फिरवला. मग तो हात थांबला. ती काहीतरी मनाशी जुळवत होती, आणि ते काय आहे हे मला तिच्या आधी कळलं.

"मंजी वल्या फडक्यानं उतरतो ताप," ती म्हणाली.

आपा अजून बटणापाशीच उभ्या होत्या.

"मंग तवा मी घरी असते तर..." ती म्हणाली. ती रडली नाही. एखादी गोष्ट कायमची ठरून जावी तशी ती बसून राहिली, भिजलेले हात मांडीवर ठेवून.

आपा खाली बसल्या, तिच्या समोर, जमिनीवरच. उन्हानं त्यांचं तोंड तांबारलं होतं, अजून धाप लागलेली होती. चांगुलपणानं बोललेल्या एका वाक्यानं काय केलं ते त्यांना दिसत होतं, आणि ते परत घ्यायचं तर दुसरी जखम होणार, हेही दिसत होतं. मी त्यांच्या जागी असते तर तिथून उठून गेले असते.

"मी लबाड बोलले," आपा म्हणाल्या. "वढनीनं न्हाई उतरला. उलटा चढला. मी बटन बंद केलं मनून थांबला."

"मी चढविला?"

"तुला ठावं नव्हतं. तुज्या हातात व्हतं ते तू केलंस." आपांनी तिचे दोन्ही ओले हात आपल्या हातात घेतले. "माजं ऐक आता. हे लबाड न्हाई. माजे घरवाले लग्नाची शूटिंग करून आले, ऐन वैशाखात. डोकं दुखतंय म्हणले. मी त्यानला इतंच निजवलं, ह्या खोलीत. वली चादर टाकली. रांजण रिकामा केला त्यांच्यावर. रसवंतीवरून बर्फ आनला, डोक्याला लावला. गाडी यीस्तवर हात काढला न्हाई कपाळावरचा." मग म्हणाल्या, "मी तितंच व्हते, माय. हात कपाळावर व्हता, आन हाताखालून गेले."

इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. ते गेले, एवढंच माहीत होतं. कसे गेले हे आपांनी गल्लीत कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. मला दवाखान्यातलं ठाऊक आहे. ऊन लागलेला माणूस लवकर सावलीत आला, अंगावर पाणी पडलं, वारा मिळाला, तर पुष्कळदा वाचतो. काही वेळा सगळं करून वाचत नाही. हे दोन्ही खरं आहे. त्यातलं कुठलं खरं कुणाच्या वाट्याला येईल ते आधी कुणी सांगू शकत नाही, आणि त्या दुपारी माझ्या ज्ञानाची तिथं कुणाला गरज नव्हती.

बाई तेव्हा रडली. ती आल्यापासून पहिल्यांदाच रडली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, आणि आपांनी तिला रडू दिलं. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त तिचे हात धरून बसल्या. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांचा श्वास अजून खाली बसला नव्हता आणि ओठ कोरडे पडले होते.

रडणं ओसरल्यावर बाईनं डोळे पुसले आणि आपांकडे नीट पाहिलं. मग ती उठली. डब्यावरची ओढणी तिनं अलगद काढली, अंगणात नेली, माठाच्या पाण्यात बुडवली, पिळली आणि परत येऊन आपांच्या डोक्यावर ठेवली. कानांवरून, मानेवरून नीट दाबली आणि हात डोक्यावर तसाच ठेवला. आपांना कुणी अंगाला हात लावलेला खपत नसे. मी त्यांच्याकडे बघत होते. पाणी त्यांच्या गालांवरून, गळ्यावरून खाली उतरत होतं आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या. थोड्या वेळानं बाईनं विचारलं, काढू का.

"न्हाई," आपा म्हणाल्या. "राहू दे. हात बी राहू दे."